आपल्या ओट्यांचा इतिहास

स्मरणिका समितीने मला 'सोसायटीच्या पंचवीस वर्षांबद्दल काहीतरी लिहा' असं सांगितलं, तेव्हा मी ऑफिसच्या कपाटातून इतिवृत्ताची सगळी पुस्तकं काढून घरी आणली. बारा वर्षं मी खजिनदार होतो, त्यामुळे त्यातली बरीच पानं माझ्याच अक्षरातली आहेत. नोंदणी, कन्व्हेअन्स, पाण्याची टाकी, लिफ्ट, गच्चीचं वॉटरप्रूफिंग या सगळ्याविषयी अध्यक्षांनी आपल्या मनोगतात लिहिलंच आहे. मला मात्र पानं उलटताना वेगळंच काही दिसलं. बँकेतल्या सवयीने मी तक्रारींची विषयवार मोजणी केली. पार्किंगचा नंबर अर्थातच पहिला. पण त्याच्या खालोखाल होतं स्वयंपाकघर! वरच्यांच्या सिंकची गळती, जिन्यात पडलेलं डेब्रिज, दुपारी दोन ते चारमध्ये चाललेलं ड्रिल, फरशीचा कटर, तुंबलेली नहाणी. म्हणजे आपल्या सोसायटीचा इतिहास हा बऱ्याच अंशी आपल्या ओट्यांचा इतिहास आहे. तोच लिहावा असं ठरवलं. शिवाय त्यातल्या एका तक्रारीत आरोपी मी स्वतः आहे, तेव्हा कबुलीजबाबही याच निमित्ताने देऊन टाकतो.

चूल, शेगडी आणि स्टोव्ह

माझा जन्म १९५१चा. आजोळी चूल होती. शेजारी वैल, म्हणजे चुलीच्या उरलेल्या धगीवर दुसरं भांडं ठेवायची सोय. आजी रोज सकाळी चुलीला पोतेरं द्यायची. सगळा स्वयंपाक बसून. पाटावर बसायचं, उजव्या हाताला विळी, डाव्या हाताला परात, मागे पाटा-वरवंटा. हात लांब केला की वस्तू हाताला लागे. आज ज्याला मॉड्युलर म्हणतात ते आजीकडे होतंच, फक्त जमिनीवर होतं. उणीव दोन गोष्टींची: धूर आणि गुडघे.

शहरात आमची चाळीतली खोली. मुंबईच्या चाळींचा इतिहास बघितला तर स्वयंपाकघर ही वेगळी खोली असते हेच तिथे गृहीत नव्हतं. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने चाळी बांधल्या. पुढे १९२० साली डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं, त्यांच्या त्या प्रसिद्ध बीडीडी चाळी. खोली १६० चौरस फुटांची. त्यातच झोपणं, अभ्यास, पाहुणे आणि स्वयंपाक. आमची खोली याहून फार मोठी नव्हती. एका कोपऱ्यात मोरी, मोरीला लागून कोळशाची शेगडी. वखारीतून कोळसा आणायचं काम माझं. नंतर भुशाची शेगडी आली. मध्ये बाटली धरून भोवती भुसा ठासून भरायचा आणि मग अलगद बाटली काढून घ्यायची. हे काम आई मला कधीच करू देत नसे, कारण बाटली काढताना भुसा ढासळला की पहिल्यापासून सुरुवात. मग आला रॉकेलचा स्टोव्ह. वातीचा शांत, पंपाचा फरफरणारा. पंपाच्या स्टोव्हला काकडा लावणं आणि पिन मारणं हे पुरुषांचं काम समजलं जाई. आमच्या वडिलांचा स्वयंपाकघरातला आयुष्यभराचा सहभाग एवढाच.

या काळात काही शहाण्या माणसांनी स्वयंपाकघराचा खरोखर विचार केला. १९१० साली कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला. एकावर एक डबे, खाली कोळसा, वाफेवर सगळं शिजणार. आमच्या चाळीतल्या खानावळीला कंटाळलेल्या एका मास्तरांकडे तो होता. १९५९च्या सुमारास शिट्टीचे कुकर भारतात बनू लागले. १९६३ साली सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरने सुमीत मिक्सर बाजारात आणला. पत्नीचा परदेशी मिक्सर बिघडला आणि इथे दुरुस्त होईना, हे त्यामागचं कारण. बायकोची अडचण ऐकून नवऱ्याने हातात पाना घेतल्याचं हे उदाहरण मी पुढे स्वतःच्या समर्थनार्थ घरात अनेकदा दिलं आहे. उपयोग झाला नाही.

बसण्यापासून उभं राहण्यापर्यंत

ओटा घरात आणला तो गॅसने, असं माझं मत आहे. मुंबईत सिलिंडरचा गॅस १९५५च्या आसपास बर्मा शेलने आणला. इंडेनचा पहिला सिलिंडर १९६५ साली कोलकात्यात गेला. पण तुमच्या-आमच्यासारख्यांना नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागे. आमचं लग्न १९७८चं, गॅस आला १९८४ साली. जोडणी करायला आलेला माणूस म्हणाला, शेगडी जमिनीवर चालणार नाही, सिलिंडरपेक्षा वर पाहिजे. घरात ओटा नव्हता. मग माझं अभ्यासाचं टेबल स्वयंपाकघरात गेलं, त्यावर पत्रा ठोकला आणि आमच्या घरातल्या बाईमाणसाने पहिल्यांदा उभं राहून पोळी लाटली. आईला ते शेवटपर्यंत जमलं नाही. ती टेबलाशेजारी पाट टाकून बसायची आणि पोळ्या लाटून वर द्यायची. भाजायचं काम सौ. उभ्याने करायची. एकाच स्वयंपाकघरात दोन काळ.

उभ्या स्वयंपाकघराचं शास्त्र मात्र त्याआधीच जर्मनीत मांडलं गेलं होतं. १९२६ साली मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या तरुण वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब. रेल्वेच्या डायनिंग कारमधलं चिंचोळं स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यापुढे होतं. किती पावलं चालावी लागतात, हात कुठवर पोचतो, सगळं मोजून. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. गंमत म्हणजे, ते आखेपर्यंत आपण कधी स्वयंपाक केलेला नव्हता, असं त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं होतं. नवशिक्यांना धीर देणारी गोष्ट आहे. फरक इतकाच की त्यांनी मोजमाप आधी केलं, मी नंतर.

आणि सहकारी सोसायटीच्या स्मरणिकेत हेही नोंदवायला हवं की भारतातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मुंबईत गावदेवीला १९१५ साली स्थापन झाली, सारस्वत मंडळींची. श्रीपाद सुब्राव तालमकी हे त्यामागचे मुख्य गृहस्थ. स्वतःचं घर, स्वतःचं स्वयंपाकघर, पण भिंती आणि पाइप सामाईक, हा जो आपला संसार आहे त्याची सुरुवात तिथली. 'पाइप सामाईक' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपल्या इमारतीतले ओटे

आपण इथे राहायला आलो तेव्हा चोवीसही फ्लॅटमधले ओटे एकसारखे होते. काळा कडप्पा, खाली कडप्प्याचेच उभे-आडवे कप्पे, भिंतीला दोन फूट पांढरी टाइल, डावीकडे सिंक. उंची चौतीस इंच. ही उंची कोणी ठरवली? बिल्डरच्या मिस्त्रीने. कोणासाठी? कोणाला ठाऊक.

पहिल्या पाच वर्षांत कोणी काही बदललं नाही, सगळ्यांचे हप्ते चालू होते. त्यानंतर ग्रॅनाइटची लाट आली. एका घरी झाला की वर्षभरात त्याच विंगमध्ये चार घरी. मग ट्रॉल्या, मग चिमणी, मग पाइपचा गॅस. पाइपचा गॅस आला त्या दिवशी तीन-चार घरांत शिरा झाला होता, हे मला पक्कं आठवतं. दर लाटेबरोबर इतिवृत्तात तक्रारींची लाट. शेवटी समितीने ठराव केला: समितीच्या लेखी परवानगीशिवाय सभासदाने तोडफोड करू नये, डेब्रिज त्याच दिवशी उचलावं, खालच्या घराला आधी कळवावं. या ठरावाचं परिपत्रक मी लिहिलं होतं. भाषा कडक होती. 'गंभीर दखल घेतली जाईल' हे शब्द माझे.

नवशिक्याचे एकाहत्तर दिवस

आता कबुलीजबाब. तीन वर्षांपूर्वी सौ.चा उजवा खांदा दुखायला लागला. डॉक्टरांनी व्यायाम दिले. घरातला ओटा मात्र तोच, मूळचा कडप्पा. आमचा मुलगा म्हणाला, एखाद्या मॉड्युलरवाल्याला बोलवा. त्या माणसाने दिलेला आकडा बघून मी ठरवलं, आपणच करू. निवृत्तीनंतर वेळ आहे, डोकं शाबूत आहे, हात चालतात. खर्चाचा अंदाज साठ हजार, मुदत पंधरा दिवस. चाळीस वर्षं लोकांचे प्रोजेक्ट रिपोर्ट तपासले, 'आकडे आशावादी वाटतात' असे शेरे मारले. स्वतःच्या अंदाजावर तो शेरा मारायला कोणी नव्हतं.

पहिली चूक मोजमापाची. मी भिंत खालून मोजली, चौऱ्याण्णव इंच. तेवढ्या मापाचे सांगाडे मरीन प्लायमध्ये कापून आणले. उभे करायला गेलो तर आत जाईनात. भिंत वर अर्धा इंच कमी होती आणि कोपरा गुण्यात नव्हता. सुतार आला, बघून हसला आणि म्हणाला, "काका, भिंत तीन ठिकाणी मोजायची. खाली, मध्ये, वर. आणि कोपरा तिरपा मोजायचा." शाळेत पायथागोरस शिकलो होतो, पण तो स्वयंपाकघरात राहतो हे माहीत नव्हतं. एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करायची. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं तरच कोपरा काटकोनात. प्लाय पुन्हा आणावं लागलं.

दुसरी चूक मोठी. सिंकखालचा जुना कडप्प्याचा कप्पा काढताना तो हलेना, म्हणून मी पहारीने जोर दिला. कप्पा निघाला. पण त्याला टेकलेला सिंकचा पाइपही हलला आणि जमिनीत जाणारा त्याचा सांधा सैल झाला. वरून काही दिसत नव्हतं. मी खूश होऊन हातपाय धुतले, सिंकमध्ये दोन बादल्या पाणी ओतून सगळं स्वच्छ केलं.

संध्याकाळी बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या वहिनी दारात. हातात पातेलं. त्यात तळाशी करडं पाणी.

"भाऊजी, हे तुमचं पाणी," त्या म्हणाल्या. "दोन तासांत एवढं. म्हटलं तुम्ही बँकेतले, मोजून न्यावं."

त्यांच्या मुलीचा साखरपुडा आठ दिवसांवर होता, घरीच करणार होत्या. महिन्यापूर्वी घराला रंग लावलेला. मी खाली जाऊन बघितलं, छतावर परातीएवढा ओला डाग. आणि मी परवानगी घेतली नव्हती. 'किरकोळ काम आहे, मिळवून टाकू' असं मनाशी म्हटलं होतं. हाच बचाव पूर्वी लोक माझ्यासमोर करायचे, तेव्हा मी चष्म्यावरून बघायचो.

रात्री झोप आली नाही. पैशांचं नव्हतं. पंचवीस वर्षं ज्या घराशी वाटीभर साखरेचं येणं-जाणं, त्यांच्या आनंदाच्या दिवशी डोक्यावर आपला डाग असणार, हे सोसवत नव्हतं. सौ. म्हणाली, "अहो, पडून राहून काय होणार? उद्या सेक्रेटरींकडे जा आणि सांगा." गेलो. त्यांनी काही न बोलता कपाटातून एक परिपत्रक काढून माझ्यापुढे ठेवलं. माझंच. सही माझीच. मी त्याच्याखाली माफीचा अर्ज लिहिला. समितीपुढेही उभा राहिलो. त्या दिवशीच्या इतिवृत्तात तो विषय क्रमांक चार आहे, कोणालाही बघता येईल.

प्लंबर दुसऱ्या दिवशी आला. सांधा उघडून नवा पाइप टाकला, भोवती वॉटरप्रूफिंग केलं. मग मोरीचं तोंड बंद करून ओट्याखाली दोन इंच पाणी भरून ठेवलं, अठ्ठेचाळीस तास. त्या दोन दिवसांत मी खाली किती वेळा जाऊन छत बघितलं याची गणती नाही. वहिनी प्रत्येक वेळी दार उघडून म्हणायच्या, "अजून तरी पातेलं लागलं नाही." छत वाळल्यावर साखरपुड्याच्या आदल्या दिवशी रंगारी लावून डाग झाकला. खर्च अर्थात माझा.

सौ.ची उंची

तिसरी चूक मला सौ.ने दाखवली. मी नव्या ओट्याचं चित्र काढलं होतं, ग्राफ पेपरवर, रंगीत पेन्सिलींनी. तिने ते बघितलं आणि विचारलं, "सगळं मोजलंत. मला मोजलंत का?"

चित्रात ओट्याची उंची चौतीस इंच होती. का? तर आधी होती म्हणून.

मग टेप घेऊन तिला भिंतीशी उभं केलं. उंची चार फूट दहा इंच. हात कोपरात वाकवला की कोपर जमिनीपासून छत्तीस इंचांवर. जुना ओटा चौतीस, त्यावर दोन इंचांचं पोळपाट, म्हणजे पोळी लाटायची जागा बरोबर कोपराच्या रेषेत. लाटण्यावर जोर द्यायचा तर खांदा उचलायलाच हवा. शेगडी चार इंचांची, त्यावर कढई, म्हणजे ढवळताना हात छातीच्या वर. हे रोज, दोन वेळा, इतकी वर्षं. मी वहीत हिशेब मांडला आणि वही मिटली. बिल्डरच्या मिस्त्रीला दोष देणं सोपं होतं. पण तो पंचवीस वर्षं या घरात राहत नव्हता, मी राहत होतो.

चार विटा आणि एक फळी घेऊन आम्ही प्रयोग केले. विटा कमी-जास्त करत तिने फळीवर पोळ्या लाटून बघितल्या. तीस इंचांवर ती म्हणाली, "आता बरं वाटतंय." म्हणजे लाटायची जागा कोपरापासून चार इंच खाली. शेगडीही त्याच पातळीवर घेतली. सिंक मात्र जुन्याच उंचीवर ठेवला, कारण सिंकचा तळ ओट्यापेक्षा सात इंच खाली असतो. तोही खाली आणला असता तर भांडी घासताना पाठ वाकली असती. त्यामुळे आमच्या ओट्याला आता मध्ये एक पायरी आहे. बघायला येणारे विचारतात, "हे असं का?" सौ. म्हणते, "हे माझ्या मापाचं आहे."

ग्रॅनाइट बसवायचं काम मिस्त्रीला दिलं. गॅसच्या पाइपला मी हात लावला नाही, कंपनीच्या माणसांनाच बोलावलं. विजेचे पॉइंट इलेक्ट्रिशियनने दिले. माझ्या वाट्याला सांगाडे, चॅनेल, ट्रॉल्या, बिजागऱ्या आणि सनमायका. पहिला दरवाजा बसवायला मला पूर्ण दिवस लागला, शेवटचा पाऊण तासात झाला.

ताळेबंद

पुढच्या पिढीला उपयोग व्हावा म्हणून हिशेब देतो. ग्रॅनाइट आणि मिस्त्री २२,५०० रुपये. प्लाय, सनमायका, ट्रॉल्या, चॅनेल ४१,०००. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन ९,५००. हत्यारं ७,२००. चुकीच्या मापाचं प्लाय ७,५००. खालच्यांचं छत ६,३००. एकूण ९४,०००. अंदाजापेक्षा ३४,००० जास्त. मुदत पंधरा दिवसांची, लागले एकाहत्तर.

ज्या सभासदांना स्वतः काम करायची हौस आहे, त्यांना चार गोष्टी सांगतो. एक, परवानगी आधी घ्या आणि खालच्या घरी स्वतः जाऊन सांगा. नोटीस बोर्ड पुरेसा नाही. दोन, पाणी, गॅस आणि वीज या तीन गोष्टींत हौस करू नका. तीन, ज्यांच्याकडे अजून सिलिंडर आहे त्यांनी तो बंद कपाटात कोंडू नये. तो गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, म्हणून खालच्या बाजूला जाळी हवी. पाइपचा गॅस उलट हलका असतो, त्याला वरच्या बाजूने वाट हवी. चार, ओट्याच्या आधी ओट्यापाशी उभं राहणाऱ्या माणसाला मोजा. आणि आता घरोघरी पुरुषही उभे राहतात, तेव्हा दोघांना मोजा. मी स्वतः सकाळचा चहा करतो. तीस इंचांवर मला थोडं वाकावं लागतं. लागू दे.

सौ.चा खांदा अगदी बरा झाला असं म्हणणार नाही. पण संध्याकाळी पोळ्या झाल्यावर ती पूर्वी खांदा दाबत बसायची, ते आता दिसत नाही.

शेवटी एक सांगायचं राहिलं. गेटजवळच्या बदामाखाली जो काळ्या दगडाचा बाक आहे, जिथे संध्याकाळी ज्येष्ठ मंडळी बसतात आणि मुलं क्रिकेटचा स्टंप म्हणून ज्याचा पाय वापरतात, तो आमचा जुना ओटा. डेब्रिजबरोबर टाकवेना, म्हणून समितीच्या लेखी परवानगीने तिथे बसवला. परवा सौ. आणि खालच्या वहिनी त्यावर बसून मटार सोलत होत्या. दोघींचे पाय जमिनीला व्यवस्थित टेकत होते. बाकाची उंची मी आधी मोजून घेतली होती.

सोसायटीला पुढच्या पंचवीस वर्षांसाठी शुभेच्छा.